कारणाआधी उशीर शोधा

सोलापूर शहरात किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने अथवा मुलीने आयुष्य संपवले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचे कारण एका ओळीत दिलेले असते. आई रागावली म्हणून, मोबाइल काढून घेतला म्हणून, पेपर अवघड गेला म्हणून, पोटदुखीला कंटाळून. ही ओळ येते कुठून, हे पाहण्यासारखे आहे. अशा प्रसंगी पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, आणि या सगळ्या धावपळीत, देह ताब्यात मिळण्यासाठी ताटकळत उभ्या असलेल्या वडिलांनी किंवा चुलत्यांनी जे काही सांगितले ते जबाबात उतरते. त्या घटकेला त्यांना स्वतःलाच काही उमगलेले नसते. काही ठाऊक असले, तरी घराची अब्रू, धाकट्या मुलीचे पुढे व्हायचे लग्न आणि पोलिसांचा ससेमिरा यांचा विचार करून ते बोलले जात नाही. तरीही तीच ओळ कारण म्हणून गावभर होते आणि वर्षअखेरीस राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यातल्या एखाद्या रकान्यात जाऊन बसते.

या विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्राचा आकडा २२,७४६ म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होता. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या १३,०४४ होत्या आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या दहा हजारांहून अधिक. एकूण आत्महत्यांत पुरुषांचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास असताना अठराखालच्या गटात मात्र मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, ही गोष्ट आपल्या चर्चेत फारशी येत नाही. परीक्षेतील अपयश हे कारण सर्व वयोगट मिळून १.२ टक्के मृत्यूंपुढे लिहिलेले आहे, आजार १८.४ टक्क्यांपुढे आणि कौटुंबिक समस्या ३१.७ टक्क्यांपुढे. कौटुंबिक समस्या म्हणजे नेमके काय, हे तक्ता सांगत नाही. दारू, मारहाण, कर्ज, लैंगिक अत्याचार, ठरवलेले लग्न, मोडलेले लग्न, भावाबहिणीतला दुजाभाव, यांपैकी काहीही तिच्यात मावते. ज्या नोंदीतून सगळ्यात मोठा गट हाती येतो, त्याच गटाबद्दल ती नोंद काही सांगू शकत नाही.

माझे म्हणणे असे आहे की एका समाजाने, म्हणजे इथे आपल्या सोलापूरने, किशोरवयीन आत्महत्या समजून घ्यायच्या असतील तर त्या एका ओळीच्या कारणामागे धावणे आधी थांबवावे लागेल. मूल का गेले हा प्रश्न आई-वडिलांना आयुष्यभर पुरतो आणि तो त्यांना विचारू द्यावा. गावाने, शाळेने आणि प्रशासनाने मात्र दुसरा प्रश्न विचारायला हवा. हे मूल अडचणीत असल्याचे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले, आणि तिथून पुढे मदत पोहोचण्यात उशीर कुठे कुठे झाला?

ही कल्पना मी नव्याने शोधलेली नाही. बाळंतपणात होणाऱ्या मातामृत्यूंबाबत आपल्या आरोग्य यंत्रणेने ही पद्धत केव्हाच स्वीकारली आहे. केंद्राच्या २०१० च्या आणि पुढे २०१७ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण होणे अपेक्षित असते. आरोग्य कर्मचारी घरी जाऊन माहिती घेतात, वैद्यकीय समिती प्रकरण तपासते आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा होतो. या अन्वेषणात दोषी कोण हे ठरवायचे नसते. धोका ओळखून निर्णय घ्यायला घरी किती उशीर झाला, दवाखान्यापर्यंत पोहोचायला किती झाला आणि पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू व्हायला किती झाला, हे तीन उशीर शोधायचे असतात. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३० होते, ते २०१८-२० पर्यंत ३३ वर आले. हे सगळे श्रेय अन्वेषणाचे नाही. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, रुग्णवाहिका आल्या, रक्त मिळू लागले. पण कुठल्या तालुक्यात रुग्णवाहिका हवी आणि कुठे रक्तपेढी, हे कळण्यासाठी कोणीतरी प्रत्येक मृत्यूचा माग उशिरांच्या अंगाने काढावा लागतो. सुनेच्या नशिबातच ते होते, या एका ओळीच्या कारणावर आपण समाधान मानले असते तर यांतले काही झाले नसते. किशोरवयीन आत्महत्येच्या बाबतीत आपण आज नेमके तसेच समाधान मानतो आहोत.

एका कारणाची ओढ समाजाला का असते, हेही समजून घेतले पाहिजे. एक कारण मिळाले की बाकीचे सुटतात. सध्या या कामी मोबाइल सर्वांत सोयीचा आहे. त्याला जात नाही, पक्ष नाही, आडनाव नाही, त्यामुळे त्याला दोषी ठरवायला कोणाचीच हरकत नसते. मोबाइलमुळे काहीच बिघडत नाही असे मी म्हणणार नाही. झोप जाते, बदनामीचे फोटो फिरतात, पैशांच्या खेळात पोरे अडकतात, हे आपण पाहतोच. पण ज्या घरात मोबाइलवरून झालेल्या भांडणानंतर मूल गेले, त्या घरात ते मूल आदल्या काही महिन्यांत नीट जेवत होते का, मित्र तुटले होते का, शाळेत कोणी छळत होते का, हे पुन्हा कोणी पाहायला जात नाही. आत्महत्येचा अभ्यास करणारे शास्त्र एका गोष्टीवर ठाम आहे, की तिच्यामागे जवळजवळ नेहमीच अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात आणि शेवटची घटना ही त्या साखळीतली फक्त शेवटची कडी असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. साठ जणांच्या वर्गात हे प्रमाण सरासरीने चार मुलांवर येते. त्या चौघांना शिक्षक आणि घरचे आळशी, चिडके, हट्टी किंवा अभ्यासातून लक्ष उडालेले असे म्हणत असण्याची शक्यता जास्त.

मुलींबद्दल तर आपल्या जिल्ह्याने स्वतंत्र विचार करायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सोलापूर जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्क्यांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेली होती. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आत असताना हा आकडा राज्यातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी एक आहे. दहावीनंतर शिकायचे असलेल्या मुलीला पाहायला पाहुणे येऊ लागतात, शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात आणि मनातले बोलायला उरलेले एकमेव माणूस म्हणजे आई हीच त्या लग्नाच्या तयारीत असते. एखाद्या मुलाशी बोलताना दिसली तर तेवढ्यावरून घरात जे घडते ते वेगळेच. पुढे काही विपरीत झाले की लोक प्रेमप्रकरण म्हणून मोकळे होतात. त्या शब्दात मुलीची बदनामी आणि घरच्यांची सुटका दोन्ही होते, आणि बालविवाह प्रतिबंधक यंत्रणेला त्या घराचा पत्ता आधी मिळाला असता का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आता पहिल्या उशिराकडे, म्हणजे ओळखण्यातल्या उशिराकडे येतो. पूर्व भागातल्या एका शाळेत या विषयावर पालकांशी बोलण्याचा प्रसंग आला होता. सभा मुद्दाम उशिरा ठेवलेली, कारण बहुतेक आया विड्या वळणाऱ्या. दिवसभराचा माल कारखान्यात देऊन, मोजून, छाट गेलेल्या विड्यांवरून वाद घालून त्या येणार होत्या. मुलांना मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावे, असे मी म्हटल्यावर मागच्या सतरंजीवरून एक बाई म्हणाल्या, "सर, असलं विचारून आपणच पोरीच्या डोक्यात भरवल्यासारखं होतंय की." सभेतल्या निम्म्या माना हलल्या. ही शंका अडाणीपणाची नाही. शिकलेल्या घरांत ती याहून जास्त घट्ट बसलेली असते आणि शिक्षकांच्या खोलीत तर ती रोज ऐकू येते. पण यावर बरेच संशोधन झाले आहे आणि त्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. शांतपणे आणि आपुलकीने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. तो आधीच मनात असेल तर बोलायला वाट मिळते आणि ओझे बहुधा हलके होते. त्या बाईंना मी हेच सांगितले. मग त्यांनी विचारले, "विचारलं, आन ती हो म्हणाली, तर पुढं काय करायचं?" या दुसऱ्या प्रश्नाला आपल्या शहराने अजून नीट उत्तर दिलेले नाही.

ओळखण्याचे काम कोणावर सोपवावे, याबद्दल युरोपातील दहा देशांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६८ शाळांतील अकरा हजारांहून अधिक मुले होती. काही शाळांत शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवले, काही शाळांत तज्ज्ञांनी प्रश्नावली भरून घेऊन मुले निवडली, आणि काही शाळांत थेट मुलांशीच ताण, निराशा, मदत मागणे आणि मित्राला मदत करणे या विषयांवर चर्चा आणि नाट्यप्रसंग घेतले. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा फक्त या शेवटच्या गटातच आत्महत्येचे प्रयत्न तुलनेने निम्म्यावर आलेले दिसले. मोठ्यांनी मुलांवर नजर ठेवण्यापेक्षा मुलांना आपसात बोलता येणे अधिक उपयोगी ठरले. यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण या वयातले मूल पहिल्यांदा बोलते ते मित्रापाशी, आणि तो मित्र शपथ घातली म्हणून गप्प बसतो. अशी शपथ मोडायची असते, एवढी एक गोष्ट आठवीपासूनच्या प्रत्येक वर्गात शिकवली गेली तरी पहिला उशीर बराच कमी होईल.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, बिहारमधल्या नालंदा जिल्ह्याचा आहे. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सरकारी शाळांत एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला गेला. काही शाळांत त्यासाठी खास नेमलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक तरुण समुपदेशकांनी आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी तो चालवला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि मारामाऱ्या घटल्या, नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे हे लिहिताना बरे वाटत नाही, पण त्यात खोटे काही नाही. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामे आणि साठ वह्या यांच्यामध्ये ज्याला मुलाचे तोंड पाहायला वेळ नाही, त्याच्याकडे आणखी एक जबाबदारी परिपत्रकाने सोपवली की ती फायलीत जाते. शिवाय जो सर मुलाला मार्क देतो, उभे करतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापुढे मूल मन का उघडे करेल?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला आहे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे टाळावे, सर्वांसमोर पाणउतारा करू नये, हेही त्यात आहे आणि हे निर्देश शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. निकाल चांगला आहे. पण नवी पेठ किंवा सात रस्ता परिसरातून फिरताना शिकवणी वर्गांचे जे फलक दिसतात त्यांवर गुणवंतांच्या फोटोंची रांग टक्केवारीप्रमाणेच लावलेली असते. आपणच पालक म्हणून त्या फोटोंकडे बघत आत शिरतो, हे विसरून चालणार नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २०२४ मध्ये देशभरातून तेवीस लाखांवर मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा साधारण एक लाख आठ हजार होत्या. वीसांतल्या एकोणीस मुलांना जागा मिळणार नाही, हे त्या परीक्षेच्या गणितातच आहे. लातूरला, पुण्याला किंवा कोट्याला मुलाला ठेवून येणाऱ्या पालकांपैकी किती जण जाताना त्याला सांगतात की नाही जमले तर घरी ये, दुसरे काहीतरी करू? हे वाक्य निकालानंतर सांगून उपयोग कमी, कारण तोवर मुलाने मनातल्या मनात निकाल लावलेला असतो.

व्यवस्थेत एखादी खिडकी उघडी ठेवली की फरक पडतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. दहावीत नापास झालेल्या मुलांची पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये व्हायची आणि वर्ष वाया जायचे. २०१५ पासून ती जुलैच्या सुमारास घेऊन त्याच वर्षी अकरावीत प्रवेशाची सोय झाली. तामिळनाडूने असाच मार्ग आधी धरला होता आणि तिथे परीक्षेतील अपयशानंतरच्या आत्महत्या पुढच्या वर्षांत कमी झाल्या. मुलांचे मन घट्ट करण्याची व्याख्याने देण्यापेक्षा असा एक प्रशासकीय निर्णय जास्त जीव वाचवतो, असे माझे मत आहे.

दुसरा उशीर पोहोचण्यातला. सोलापूरच्या बाबतीत यात भाषा ही मोठी अडचण आहे आणि ती बाहेरच्या कुठल्या योजनेत दिसणार नाही. नीलमनगर किंवा अशोक चौकातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कित्येक गावांत कन्नड, काही पेठांत दखनी. शाळेची भाषा मराठी, शिकवणीची अर्धी इंग्रजी. पोर आपली कविता मराठीत लिहीत असेल, पण आजीच्या मांडीवर जे रडले ते तेलुगूत. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचा विचार समुपदेशक नेमताना व्हायला हवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य असतो आणि वीस भाषांतून बोलण्याची सोय आहे. आपल्या शहराला ती फार सोयीची आहे, पण तो क्रमांक शाळेच्या भिंतीवर, वहीच्या मागच्या पानावर किंवा परीक्षेच्या हॉल तिकिटावर कितीदा दिसतो?

अंतर ही दुसरी अडचण. शहरातल्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत रिक्षाने जाता येते. करमाळ्याच्या टोकाच्या गावातून सोलापूर शंभर किलोमीटरांहून लांब आहे आणि मजुरी बुडवून मुलीला घेऊन निघालेल्या बापाला शेजारी विचारणार की कुठे निघालात. राज्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक नावाची केंद्रे आहेत. मैत्री क्लिनिकमध्ये जातो असे सांगणे आणि वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो असे लोकांनी म्हणणे यांत त्या बापाला काय परवडेल हे उघड आहे. तालुक्यातल्या या केंद्रांत ठरलेल्या वारी मानसोपचाराची जाणकार व्यक्ती बसवणे ही फार खर्चाची गोष्ट नाही.

याच ठिकाणी शेतीचा एक मुद्दा सांगायला हवा. आपला जिल्हा ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाचा असल्याने फवारणीची औषधे घरोघरी असतात. श्रीलंकेने १९८० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या दोन दशकांत सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. तिथले दुःख काही सत्तर टक्क्यांनी घटले नव्हते. किशोरवयात टोकाची लाट बहुधा थोड्या वेळाची असते आणि तेवढा वेळ धोकादायक वस्तू हाताशी नसली तर ती ओसरण्याची शक्यता मोठी असते. औषधे राहत्या घराबाहेर कुलपात ठेवणे, ती गावातल्या सामायिक साठ्यात ठेवण्याची सोय करणे, हे कृषी विभाग आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. या विषयाच्या बैठकीला मात्र कृषी खात्याला कोणी बोलावत नाही.

तिसरा उशीर सर्वांत दुःखद आहे, कारण तिथे मूल आपल्या हातात आलेले असते. प्रयत्न करून वाचलेल्या मुलाला दवाखान्यातून घरी सोडताना बहुतेक घरे झाले ते चुकून झाले असे सांगतात आणि विषय मिटवतात. पोलीस केस होईल ही भीती त्यामागे असते. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलेच नाही. लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यासाठी भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. हे अपघात विभागाच्या दारावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लिहून लावले तर पालक खरे सांगतील आणि खरे कळले तर पुढचे उपचार होतील.

पुढचे उपचार म्हणजे नेहमी महागडे काही असते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत चेन्नईही होते, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना घरी सोडण्यापूर्वी तासभर समजावून सांगितले आणि पुढची दीड वर्षे ठरावीक अंतराने फोन करून किंवा भेटून फक्त विचारपूस केली. या गटात पुढे आत्महत्येने ०.२ टक्के लोक गेले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. जी यंत्रणा लसीकरणासाठी घरोघरी जाते आणि गरोदर बाईला तपासणीची तारीख कळवते, तिला वाचलेल्या मुलाला ठराविक दिवसांनी एक फोन करणे जड जाऊ नये.

मृत्यूनंतर शाळेत काय होते, याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. श्रद्धांजली वाहून सुट्टी देतात आणि तिसऱ्या दिवशी तास सुरू होतात. शेवटचा मेसेज ज्याला आला होता आणि ज्याने उद्या बोलू म्हणून उत्तर दिले होते, तो मुलगा त्याच वर्गात बसलेला असतो. एका मृत्यूनंतर त्याच्या जवळच्या मुलांचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे आणि म्हणून पहिल्या आठवड्यातच त्या वर्गाशी, विशेषतः त्या जिवलगांशी, बाहेरच्या जाणत्या माणसाने बोलणे आवश्यक असते. याच आठवड्यात स्थानिक बातम्यांत, आणि आता गल्लोगल्लीच्या यूट्यूब वाहिन्यांवर, मुलीचा फोटो, चिठ्ठीतला मजकूर आणि पद्धतीचे वर्णन फिरत असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये नेमके हे करू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. शहरातल्या पत्रकार मित्रांना ती माहीत आहेत. यूट्यूबवाल्यांना कोणी सांगितलेलीही नसावीत.

तेव्हा मागणी अशी आहे. सोलापूर जिल्ह्यातील अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतच्या प्रत्येक आत्महत्येचे, मातामृत्यूच्या धर्तीवर, गोपनीय आणि दोषारोपरहित अन्वेषण व्हावे. घटनेनंतर काही आठवड्यांनी, घर सावरल्यावर, पोलीस नसलेल्या आणि घरची भाषा येणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने कुटुंबाशी, मित्रांशी आणि वर्गशिक्षकांशी बोलावे. मृत्यूनंतर आप्तांशी बोलून असा माग काढण्याची पद्धत १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये विकसित झाली आणि आज जगभर वापरात आहे. नावे वगळलेला वृत्तांत मानसोपचार विभाग, शिक्षणाधिकारी, महिला व बालविकास, कृषी विभाग आणि पोलीस यांच्यापुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात यावा आणि त्यातून निघालेल्या सूचनांचे काय झाले हे पुढच्या आढाव्यात विचारले जावे. हे वृत्तांत न्यायालयात पुरावा म्हणून वापरले जाणार नाहीत, अशी हमी सुरुवातीलाच द्यावी लागेल. अर्थात मुलावर लैंगिक छळ किंवा अत्याचार झाल्याचे उघड झाले तर पोक्सोसारख्या कायद्याने कळवणे बंधनकारक आहे आणि ते टाळता येणार नाही, हेही कुटुंबाला आधीच सांगावे लागेल.

आणखी एक समिती कशाला, असे कोणी म्हणेल. राज्याच्या २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती स्थापन करायची होती. तिच्या किती बैठका होतात हे आपापल्या शाळेत विचारून पाहावे. हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच मी प्रत्येक शाळेत नवी समिती मागत नाही. जिल्ह्यात एकच अन्वेषण पथक असावे, त्याच्यापुढे येणारी प्रकरणे खरी असावीत आणि आढावा घेणारा अधिकारी असा असावा ज्याच्या प्रश्नाला खात्याला उत्तर द्यावे लागते. दुःखी घराला पुन्हा का डिवचायचे, हा आक्षेप अधिक मोलाचा आहे. पण त्या घराला आज गाव डिवचतेच आहे, दुरून आणि पाठीमागे. समोर बसून, चहा घेऊन, तुमचे मूल कसे होते असे विचारणारे कोणी त्यांच्याकडे येत नाही. नकार द्यायचा अधिकार त्यांना असावाच.

राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे, त्यासाठी तीन वर्षांत देखरेखीची परिणामकारक यंत्रणा आणि आठ वर्षांत सर्व शिक्षणसंस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम व्हायचा आहे. तीन वर्षांची ती मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात. त्याआधीच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत या पथकासाठी आणि तालुक्याच्या मैत्री क्लिनिकांतील समुपदेशकांसाठी तरतूद मागणारा ठराव आपल्या लोकप्रतिनिधींपैकी कोणी मांडतो का, हे पाहायचे आहे. तोवर शाळांनी १४४१६ हा क्रमांक वर्गावर्गांत लावायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.